पनिनामावशीचा नवस आणि गर्शोनचा रेडा

आमच्या इस्रायलमधल्या किर्यात मलाखी गावात एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याला जर कोणी दमवलं असेल, तर ते पनिनामावशीने. बाकीचे लोक त्याला सणासुदीला आठवतात, अडल्यानडल्याला आठवतात. मावशीचं तसं नव्हतं. संदेष्ट्याला दुसरं काही काम नाही आणि तो आमच्याच इमारतीच्या जिन्यात बसून आहे, अशा समजुतीने ती त्याच्याशी बोलायची. पाण्याचा बंब बिघडला, नवस. भावाला फ्लॅट मिळेना, नवस. आणि काम झालं की मलिदा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वरून बदाम, भोवती फळं मांडायची, चार माणसं बोलावायची, प्रार्थना म्हणायची आणि मग सगळ्यांनी ओंजळभर खायचं. आमच्या खालच्या मजल्यावरची मोरोक्कन बाई तर मावशी भेटली की आधी विचारायची, ‘एलियाहूने एवढ्यात काही दिलं की नाही?’ तिला पोहे आवडायचे.

मावशी म्हणजे आमची शेजारीण, मूळची ठाण्याची, इथल्या आम्हा मराठी यहुद्यांसारखीच भारतातून आलेली. तिचे वडील मुंबईत फोर्टमधल्या एका सॉलिसिटरकडे कारकून होते, आणि त्या कारकुनीचा सगळा वारसा हिच्या नवसात उतरला होता. मोघम नवस तिला चालत नसे. त्याला कारणही घडलं होतं. तिचा भाऊ अहरोनमामा याच्यासाठी तिने पहिल्यांदा नुसताच ‘फ्लॅट मिळू दे’ म्हणून नवस केला, आणि मिळाला तो चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, खिडक्या पश्चिमेला. उन्हाळ्यात मामा घरात भाजून निघायचा आणि बहिणीच्या नावाने शंख करायचा.

“तुला तेव्हाच मजला सांगायला काय झालं होतं गो?” तो म्हणायचा.

“चुकलंच माझं,” मावशी म्हणायची. “आपण मोघम बोललं तर तो मोघमच देणार. त्याला काय एकच घर आहे?”

तेव्हापासून तिचे नवस ऐकण्यासारखे असत. बंबाच्या नवसात तिने पाणी किती कढत हवं तेसुद्धा सांगितलं होतं. माझी आई साक्षीदार म्हणून शेजारी उभी असायची आणि घरी येऊन आम्हाला नक्कल करून दाखवायची. आम्ही हसून लोळायचो.

मावशीची आणखी एक खोड सांगून ठेवतो, कारण पुढे ती लागणार आहे. घराबाहेर पडली की तिला वाटायचं, गॅस चालू राहिला. मग ती बसस्टॉपवरून परत यायची, जिने चढायची, शेगडीची बटणं हाताने चाचपायची आणि पुन्हा उतरायची. तिच्या नवऱ्याच्या, शालोमकाकांच्या, मयतीच्या दिवशीसुद्धा ती गाडीतून उतरून गॅस बघून आली होती. बस ड्रायव्हर तिला ओळखायचे. एकजण तर तिला चढताना विचारायचाच, “गॅस?” ती म्हणायची, “बंद.” मग तो दार लावायचा.

तर ही पनिनामावशी, आणि हिचा एकुलता एक उझी.

उझी माझ्या वर्गात होता. शाळेत तो माझ्याहून हुशार, माझ्याहून उंच, आणि मुलींच्या बाबतीत तर तुलनाच नको. सैन्यात मला चष्म्यामुळे गोदामात बसवलं, बूट आणि मोजे वाटायला. उझीला चिलखती गाडी चालवायला दिली. ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात लेबनॉनची लढाई सुरू झाली आणि उझीची गाडी सीमेपलीकडे गेली.

त्या संध्याकाळी मावशीने आयुष्यातला सगळ्यात लांब नवस बोलला. माझी आई नेहमीप्रमाणे साक्षीला होती, पण त्या दिवशी घरी येऊन तिने नक्कल केली नाही. मावशीने म्हणे सगळं एकेक करून मागितलं. दोन्ही हात, दोन्ही पाय. हाताची बोटं सगळी, पायाची सगळी. डोळे, आणि त्यांत दिसणं. कान, आणि त्यांत ऐकू येणं. दात. पाठीचा कणा सरळ. शेवटी केससुद्धा मागितले, कारण उझीचे केस शालोमकाकांसारखे होते आणि जळून गेले असते तर पुन्हा तसे येतील याची खात्री नव्हती. सगळं मागून झाल्यावर तिने आईला विचारलं, “काही राहिलं का गो?” आईने आठवून पाहिलं आणि म्हणाली, “नाही, सगळं आलं.”

उझी परत आला. हात, पाय, बोटं, डोळे, कान, दात, कणा, केस. बोलल्याप्रमाणे सगळं.

त्या मलिद्यासारखा मलिदा आमच्या इमारतीने पाहिला नाही. पोहे खास रामला शहरातल्या दुकानातून आणले होते. अहरोनमामाने प्रार्थना म्हटली, जरा जास्तच सुरात. बायका उझीभोवती फिरून त्याला असं न्याहाळत होत्या, जसा कोणाकडे नवा फ्रीज आलेला असावा. मोरोक्कन बाईने त्याचा दंड दाबून पाहिला आणि मावशीला म्हणाली, “तुझा एलियाहू एक नंबर!” उझी हसला. मलिदा खाल्ला. मग आपली बशी त्याने स्वतः उचलली, धुतली, पुसली, जागेवर ठेवली.

पुढे तो रोज तेच करायला लागला.

आरडाओरडा करणारा मुलगा असता तर निदान शेजाऱ्यांकडे रडगाणं तरी गाता आलं असतं. उझी काहीच करायचा नाही. बोलायचा नाही, भांडायचा नाही, काही आपटायचा नाही. मावशी मराठीत पाच वाक्यं बोलली की तो हिब्रूत एक शब्द बोलायचा, ‘बसेदर’, म्हणजे ठीक. झोप लागली का? बसेदर. भाजी झाली आहे का बरी? बसेदर. फक्त एक नवी सवय लागली होती. कोणाच्याही घरात शिरला की तो दारामागे बघायचा. कपाट उघडून लावायचा. मोरीत डोकावायचा. आमच्याकडे आला तेव्हा आईने विचारलं, “काय हवंय रे, टॉवेल?” तो म्हणाला, “नको,” आणि कपाट लावून बसला.

अहरोनमामाने त्याला किर्यात गात या जवळच्या गावातल्या सूतगिरणीत चिकटवून दिलं. मावशी सकाळी चपाती-भाजीचा डबा भरून द्यायची, उझी तो घेऊन बसस्टॉपवर जायचा, संध्याकाळी रिकामा डबा धुऊन परत आणायचा. मावशीला जरा बरं वाटायला लागलं. एक दिवस ती बसस्टॉपसमोरच्या गर्शोनच्या टपरीवर काड्यापेटी घ्यायला गेली. गर्शोन रुमानियाचा. सिगरेटी, सोडा, वर्तमानपत्रं, सूर्यफुलाच्या बिया असं सगळं विकायचा, आणि त्या हिवाळ्यात त्याने टपरीला लागून पत्र्याची शेड काढून तीत खेळाची यंत्रं आणून ठेवली होती.

“पनिना,” तो म्हणाला, “तुझ्या मुलाइतकं चांगलं गिऱ्हाईक मला मिळालेलं नाही. म्हणूनच सांगतो, त्याला घेऊन जा.”

“कुठे आहे तो? तो तर कामावर जातो.”

गर्शोनने मानेने शेड दाखवली.

शेडमधल्या सगळ्यात कोपऱ्यातल्या यंत्राचं नाव पोरांनी ‘बलगान’ पाडलं होतं, म्हणजे गोंधळ, पसारा. त्याचं खरं नाव बाजूला इंग्रजीत होतं पण घासून गेलं होतं. आमच्या मराठी लोकांत त्याला ‘रेडा’ म्हणत. पडद्यावर एक तपकिरी, चौकोनी, दोन शिंगांचा ठिपका, तो रेडा. नाणं टाकलं की त्याला एक घर मिळायचं. साधं, आपल्यासारखंच घर. स्वयंपाकघर, बसायची खोली, झोपायची खोली, मोरी. फळीवर बशा, खिडकीत कुंडी, टेबलाभोवती खुर्च्या, कपाटं. दांडा धरून रेड्याला पळवायचं, बटण दाबलं की तो शिंग मारायचा. घंटा वाजायच्या आत घरातलं सगळं फोडायचं. जमलं तर पुढचं, जरा मोठं घर. नाही जमलं तर खलास. बशा फुटल्या की यंत्रातून खळ्ळकन असा आवाज यायचा आणि पोरं खिदळायची. कोणी खेळत नसेल तेव्हा घर आपोआप पुन्हा उभं राहायचं. बशा फळीवर, खुर्च्या टेबलाजवळ, कपाटं बंद.

उझी दिवसभर ते खेळायचा. डबा यंत्रावर ठेवलेला असायचा.

मावशी त्या दिवशी काड्यापेटी घेऊन घरी आली, तशी थेट आमच्याकडे. मी घरी होतो. तिचा चेहरा बघून मला वाटलं आता नवस येणार, आणि मी नेहमीसारखं चिडवलं, “मावशी, या वेळी काय? यंत्र बंद पडू दे, तेही दुरुस्त न होईल असं?”

“नवस कसला बोलू रे?” ती बसली. “त्याने दिलंय. हात बघ, पाय बघ. एक बोट कमी नाही. मलिदा झाला, लोक खाऊन गेले, मामला मिटला. आता कुठल्या तोंडाने जाऊ?”

“मग नवा बोल. राहिलेल्या गोष्टीचा.”

“काय राहिलं ते तू सांग मला.”

मी आईकडे बघितलं.

“नाव नसलेली वस्तू मागायची कशी?” ती म्हणाली. “हात गेला असता तर हात म्हटलं असतं. डोळा म्हटलं असतं. हे काय आहे? तो आहे आणि नाही. हे कसं बोलायचं? एवढी बोटं मोजून मागितली मी, आणि हेच नेमकं राहिलं.”

माझी आई पदराने डोळे पुसायला लागली. “मी म्हटलं गो, सगळं आलं म्हणून.”

“तुझं काय चुकलं? बाप माझा सॉलिसिटरकडे होता, तुझा नव्हता.”

मग मावशी दवाखान्यात गेली. डॉक्टरने उझीला न बघताच त्या आजाराचं हिब्रूत एक लांबलचक नाव सांगितलं, आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. उझीने गोळ्यांकडे बघितलं, म्हणाला, “बसेदर,” आणि कपाटात ठेवल्या. नाव मात्र मावशीने वाटेत घोकत घोकत आणलं आणि मला विचारलं, याला मराठीत काय म्हणतात. मी बराच विचार करून म्हटलं, “धक्का.”

“धक्का बसतो आणि जातो,” ती म्हणाली. “हा जात नाही. हा शब्द नव्हे.”

तिला शब्द हवा होता. शब्द मिळाला की नवस बोलता येणार होता. आणि शब्द असलाच तर तो उझीपाशी होता. घरी तर तो बोलत नव्हता. म्हणून मावशी रोज दुपारी थर्मासमध्ये चहा घेऊन गर्शोनच्या टपरीत जाऊन बसायला लागली. सोड्याच्या उलट्या क्रेटवर, साडी आवरून, यंत्राला टेकून. पहिल्या दिवशी पोरं हसली. मग त्यांना सवय झाली. तीसुद्धा घंटा वाजायच्या आत किती बशा राहिल्या ते ओरडून सांगायला लागली. गर्शोन तिच्याकडून चहा घ्यायचा आणि तिला बिया द्यायचा. उझी तिच्याकडे बघायचाही नाही, पण जा असंही म्हणायचा नाही.

एका शुक्रवारी मी तिथे होतो. गर्शोन शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, आधी लवकर बंद करायचा, म्हणून शेडमध्ये आम्ही तिघंच उरलो होतो. उझी सिगरेट घ्यायला टपरीपाशी गेला, तेवढ्यात मावशी उठली, यंत्रासमोर उभी राहिली आणि माझ्याकडे हात पुढे केला.

“एक नाणं दे.”

“मावशी, तुला नाही जमायचं.”

“तुझ्या मोज्यांपेक्षा कठीण आहे का?”

मी नाणं टाकलं. मावशीने दांडा असा धरला, जसा तिने आयुष्यभर कढईचा कान धरला होता. रेडा घरात शिरला. आणि मग मी जे पाहिलं ते त्या यंत्राने त्याआधी आणि नंतरही पाहिलं नसेल. मावशी रेड्याला हळूहळू, भिंतीच्या कडेकडेने चालवायला लागली. खुर्चीला वळसा. टेबलाला वळसा. कुंडीपाशी तर ती श्वास धरून थांबली. बटणाला तिने हातच लावला नाही. स्वयंपाकघरात आली तेव्हा बशांची फळी अगदी शिंगाशी आली, तिने “हळू, हळू मेल्या,” म्हणत त्याला मागे ओढला. घंटा वाजली. खलास. एकही बशी फुटली नव्हती.

“इमा,” मागून आवाज आला. उझी आईला हाक मारत उभा होता. “फोडायचं असतं.”

“का म्हणून?”

“तसाच खेळ आहे तो.”

“कोणाचं घर आहे हे?”

“कोणाचं नाही.”

“असं कसं? बशा कोणी लावल्या मग?”

उझीने एक नाणं टाकलं. मला वाटलं, संपलं बोलणं. पण तो खेळता खेळता बोलायला लागला, हिब्रूत, पडद्यावरची नजर न काढता. रेडा एकेक कपाट फोडत होता.

“इथे कोणी नसतं. मी सगळं बघितलंय. कपाटात नसतं, कपाटामागे नसतं, टेबलाखाली नसतं. मोरीतसुद्धा नाही. सगळं फोडलं की कळतं, कोणी नव्हतं.” खळ्ळकन आवाज झाला. “तिकडे कळलं नाही.”

“तिकडे कुठे?” मावशीने मराठीत, अगदी हलक्या आवाजात विचारलं.

“गल्ली अरुंद होती. मागे गाड्या होत्या, थांबायचं नव्हतं. मी गाडी वळवली आणि भिंत खाली आली. आख्खी. आत स्वयंपाकघर होतं. बशा होत्या, तू ठेवतेस तशा, उपड्या. शेगडीवर किटली होती.” रेडा झोपायच्या खोलीत शिरला. “मागच्याने भोंगा वाजवला. मी पुढे गेलो. आत बघितलं नाही.”

“लोक गेले असतील रे. लढाई होती. सगळे निघून गेले असतील.”

“गॅस पेटलेला होता, इमा.”

मावशीचा हात यंत्रावर होता, तो तसाच राहिला.

“पेटलेला गॅस सोडून कोणी जातं का?” उझीने विचारलं. या वेळी त्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं. पडद्यावर रेडा उभा होता. “तू सांग. जातं?”

“जातात,” मावशी म्हणाली. “घाई असली की जातात.”

“तू कधी गेलीस?”

सगळ्या किर्यात मलाखीला, बसच्या ड्रायव्हरांना, मेलेल्या शालोमकाकांना या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं. घंटा वाजली. गर्शोन आत आला, आमच्या तिघांकडे बघून काय समजायचं ते समजला, आणि त्याने हळूच यंत्र बंद केलं.

आता मागायला शब्द सापडले होते. काय राहिलं होतं तेही कळलं होतं. रविवारी मावशी आईकडे आली, मला वाटलं नवसाला साक्षीदार न्यायला. पण ती स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली.

“त्या घरात कोणी नसावं, असं मागायचंय,” ती म्हणाली. “पण ते तर होऊन गेलं गो. असलं तर होतं, नसलं तर नव्हतं. होऊन गेलेल्याचा नवस बोलता येतो का?”

आई म्हणाली, “तुलाच ठाऊक.”

“नाही येत. बाबा म्हणायचे, कागदावर मागची तारीख घालायची नाही.” ओट्यावरच्या फडक्याची घडी घालत ती म्हणाली, “तसं चाललं असतं तर सगळ्यांनी तेच मागितलं असतं.”

पुढच्या शुक्रवारी सकाळी तिने मलिदा केला. अहरोनमामाला बोलावलं, आम्हाला बोलावलं. मामा टोपी सारखी करत बसला आणि त्याने नेहमीचं विचारलं, “काय मिळालं या वेळी?”

“काही नाही.”

“मग मागितलंयस काय?”

“काही नाही.”

“अगो, मग मलिदा कशाचा? काय म्हणून म्हणू मी?”

“तू म्हण रे. सारखं विचारू नकोस. त्याला कळेल.”

मामाने माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले, आणि त्याने प्रार्थना सुरू केली, या वेळी फार सुरात नाही. अर्ध्यात दार वाजलं. उझी आला होता. गर्शोनने त्याला हाकललं असावं. तो नेहमीसारखा आधी दारामागे वाकला. मामा थांबला. मावशीने मामाला हाताने खूण केली, चालू ठेव म्हणून, आणि ती उठून उझीच्या बरोबर गेली. कपाट त्याने उघडायच्या आधी तिने उघडलं.

“बघ बाळा,” ती म्हणाली. “नीट बघ. मागेपण बघ.”

त्यांनी दोघांनी मिळून सगळं घर बघितलं. खाटेखाली वाकायला मावशीला त्रास होत होता, पण ती वाकली. मोरीचा दिवा लावला. शेवटी ओट्यापाशी आली, शेगडीची बटणं तिने चाचपली, आणि मग त्याचा हात धरून त्याच्याकडून चाचपून घेतली. बंद. उझीने ओंजळभर मलिदा उभ्याउभ्याच खाल्ला, बशी धुतली, पुसली, ठेवली. “छान झालाय,” तो म्हणाला. मराठीत. आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो.

मला वाटलं, आता बदलेल काहीतरी. अहरोनमामाला तर खात्रीच होती. तो त्याच दुपारी सूतगिरणीच्या साहेबाशी पुन्हा बोलून आला. शनिवारी शब्बाथ संपला, गर्शोनची टपरी उघडली, आणि उझी उठून तिकडे गेला.

मावशीने थर्मास भरला. बसस्टॉपपर्यंत गेली, परत आली, गॅस बघितला, पुन्हा गेली.

ती अजूनही जाते. माझ्या आईने मध्यंतरी तिला विचारलं, नवस बोललीस का गो एवढ्यात कसला? ती म्हणाली, सुचत नाही. मोरोक्कन बाईला पोहे मिळालेले नाहीत. टपरीत मात्र आता तिची क्रेट ठरलेली आहे, गर्शोनने वर उशी घातली आहे. उझी घर फोडतो. एकेक खोली झाली की तो पडद्याकडे बघतच म्हणतो, “इथेपण कोणी नाही.” ती म्हणते, “नाही.” तो पुढच्या खोलीत जातो. सगळं फोडून होतं, घर रिकामं निघतं, आणि तो चहा घ्यायला तिच्याकडे वळतो. तेवढ्यात पडद्यावर बशा एकेक करून फळीवर चढतात, खुर्च्या टेबलाजवळ येतात, आणि कपाटांची दारं पुन्हा लागतात.